वाकड्या अंगठ्याचा संसार

आमच्या आजोळकडून पुढच्या पिढीला सोनं फारसं आलं नाही. आजीच्या पाटल्या आजोबांच्या आजारपणात गेल्या, मोहनमाळेचे वाटे झाले आणि ठुशीवरून दोन मावश्या अजून एकमेकींकडे संशयाने बघतात. अंगठे मात्र कोणतीही तक्रार न होता सगळ्यांना सारखे मिळाले. पायाचे. आजी, आई, दोन्ही मावश्या आणि मी, सगळ्यांचे अंगठे शेजारच्या बोटाकडे झुकलेले आणि अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, एक टणक उंचवटा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्याकडचे पन्नाशीत दिसतात. गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत मुठीने कुंकवाची पावलं उमटवायची आणि वर पाच ठिपक्यांची बोटं काढायची, हे काम धाकट्या मावशीकडे असे. एका वर्षी तिने सगळे अंगठे आत झुकलेले काढले. आजी रागावली, तर म्हणाली, "अगं, आपल्याच घरच्या गौरी ना?"

हाड वाढलंय, असं सगळे म्हणतात. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि सांगितलं की इथे वाढलेलं फारसं काही नाही, सरकलेलं आहे. अंगठ्यामागचं पंजातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं, अंगठा उलट बाजूला, करंगळीकडे वळतो, आणि दोघं जिथे भेटतात तो सांधा कोपर काढून बाहेर येतो. त्या कोपरावर चपलेचा पट्टा घासला की सांध्यावरची बारीकशी पिशवी सुजते, कातडी लाल होते, आणि मग माणूस समारंभात खुर्ची शोधायला लागतो. दोन रेघांमधला कोन १५ अंशांच्या वर गेला की त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणायचं. हे नाव कागदावर आल्यावर मला जरा बरं वाटलं. आजीला बिचारीला नुसतंच 'हाड' होतं.

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखतं."

"कधी?"

"लग्नात."

त्यांनी कागदावरून मान वर केली. "कोणाच्याही," मी घाईने म्हणाले. पण निदानाच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बरोबर निघालं. घरातल्या मऊ सपाता, भाजीला जायच्या रुंद चपला यांच्यात मी माणसात असते. शालूखाली निमुळत्या, उंच टाचेच्या सँडल्स आल्या, की सीमांतपूजनाला उजवा अंगठा कुरकुरतो, सप्तपदीला डावा, आणि पंगत बसेपर्यंत दोघांची आघाडी झालेली असते. टाच उंच झाली की अंगाचा भार पुढे, पंजावर येतो आणि पंजा त्या टोकात ठेचून बसतो. त्यात गूढ काहीच नाही.

शस्त्रक्रियेविषयी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की या एका दुखण्यासाठी शंभराहून अधिक पद्धती आजवर वर्णन केल्या गेल्या आहेत. धीर यायचा तो सुटलाच. "नुसता पाय सुंदर दिसावा म्हणून मी कात्री लावत नाही," त्यांनीच पुढे सांगितलं. "रोज दुखायला लागलं, जोडे बदलूनही राहीना, तर या. मग बोलू. तोवर जोडे बदला. आणि एक ध्यानात ठेवा, अंगठा सरळ होणार नाही. दुखणं कमी होईल." इतकं स्वच्छ बोलणारा डॉक्टर भेटणं हे भाग्य. पण घरी येऊन हे सांगितलं, तर कोणाचाच विश्वास बसेना. उपाय म्हटला की काहीतरी पूर्ववत झालं पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे.

त्या समजुतीपोटी आलेले उपाय मी आदराने ऐकून घेतले. शेजारच्या काकूंनी एरंडेलाचा लेप सांगितला. नणंदेने विटेच्या तुकड्याचा शेक सांगितला, वर "फरशीचा नको हं, विटेचाच" ही ताकीद दिली. कोणी तांब्याचं वळं सुचवलं, कोणी लोहचुंबक. या सगळ्यांत आईचा उपाय तेवढा लागू पडला: अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये जुन्या धोतराच्या चिंधीची घडी. ती वर्षानुवर्षं रात्री दिवाणावर बसून ती घडी सरकवायची आणि मग "हुश्श" म्हणून आडवी व्हायची. आज औषधाच्या दुकानात तोच उपाय सिलिकॉनच्या पारदर्शक तुकड्याच्या रूपात मिळतो. धुता येतो, घसरत नाही आणि अंगठा दुसऱ्या बोटावर चढून बसत नाही, त्यामुळे तिथे कुरूप व्हायचं टळतं. बाहेर आलेल्या उंचवट्यावर लावायची जेलची गादीही मिळते. ती चपलेचं घासणं स्वतःवर घेते. एकच अट, बुटात आधी तेवढी जागा हवी. घट्ट बुटात गादी घातली की गर्दी वाढते आणि अंगठा आणखी चिडतो.

तेव्हापासून कुठेही लाकडी पादुका दिसल्या की माझी नजर आधी खुंटीकडे जाते. अंगठा आणि दुसरं बोट यांच्यामध्ये ती कशी ताठ उभी असते! ज्येष्ठात आळंदीहून पादुका निघतात तेव्हा लोक हात जोडतात. मीही जोडते, पण मन भलतीकडेच असतं.

रात्रीचा पट्टा हा प्रकार मी नवऱ्याच्या आग्रहाखातर आणला. त्याला यंत्र दिसलं की उपाय सापडल्यासारखं वाटतं. प्लॅस्टिकची एक पट्टी पावलाच्या कडेला, तिला दोन चिकटपट्ट्या, एक पंजाला आवळायची आणि दुसरी अंगठ्याला बाहेर ओढायची. रात्रभर अंगठा सैन्यातल्यासारखा सावधान. मच्छरदाणीत तो पट्टा अडकायचा, उठून पाणी प्यायला जाताना खटखट वाजायचा, आणि सकाळी सोडला की चहा होईपर्यंत अंगठा आपल्या मूळ जागी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण कोणाच्या तरी पायावरूनच सुचली असावी. डॉक्टर म्हणाले, पट्ट्याने बरं वाटत असेल तर वापरा, तो ताण काही जणांना सुखावतो. मात्र वाकडेपणा त्याने कायमचा जातो असं म्हणायला पुरेसा आधार नाही. सुखतळ्यांचंही साधारण तेच. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. काहींची शस्त्रक्रिया केली, काहींना पायाच्या मापाचे सुखतळे दिले आणि काहींना नुसतं थांबायला सांगितलं. सहा महिन्यांनी सुखतळेवाले थांबलेल्यांपेक्षा सुखात होते. वर्ष झालं तेव्हा तो फरक राहिला नव्हता आणि शस्त्रक्रियावाले पुढे गेले होते. मला त्या थांबलेल्यांबद्दल फार जिव्हाळा वाटतो. अभ्यासातही कोणाला तरी थांबावं लागतंच.

सूज आली की मात्र बर्फ. बर्फाचे तुकडे फडक्यात धरत बसण्यापेक्षा फ्रीजरमधली मटारची पिशवी बरी पडते, पायाच्या आकाराप्रमाणे वळते. पंचात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. थेट कातडीवर कधीच ठेवायची नाही. ती पिशवी वेगळी, हे मी घरात जाहीर केलं आहे. तरीही मटार-उसळ केली की नवरा पहिला घास घेण्याआधी विचारतो, "हे पायाचे का ताटाचे?"

जोडव्यांचा प्रश्न आमच्याकडे अनपेक्षितपणे सहज सुटला. जोडवी घालायची दुसऱ्या बोटात, आणि अंगठा येऊन रेलतो तोही नेमका त्याच बोटावर, त्यामुळे चांदी दोघांच्या मध्ये चेपून रुतते. संध्याकाळपर्यंत बोटावर गोल वळ उठायचा. काढावीत की नाही, कसं विचारावं, सासूबाईंना काय वाटेल, या विचारात मी पुष्कळ दिवस घालवले. शेवटी त्यांनीच माझा सुजलेला पाय बघून म्हटलं, "अगं, काढ ती. मी गुडघ्यांचं सुरू झालं तेव्हाच काढली. तुझ्या लक्षात तरी आलं का?" आलं नव्हतं. सुनांचं सासूच्या पायांकडे लक्ष फक्त नमस्कारापुरतं असतं.

जोड्यांवर सगळा दोष टाकायला मला आवडलं असतं. पुरावाही तसा भक्कम आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली जोडे घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांची पावलं ताडून पाहिली, तेव्हा जोडेवाल्यांपैकी ३३ टक्क्यांचे अंगठे असे झुकलेले निघाले आणि अनवाणी माणसांत जेमतेम २ टक्क्यांचे. इंग्लंडमधल्या केंब्रिजची गोष्ट तर मला फारच आवडते. तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतल्या १७७ सांगाड्यांची पावलं संशोधकांनी तपासली आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. अकराव्या ते तेराव्या शतकात पुरलेल्यांपैकी ६ टक्क्यांना हे दुखणं होतं, चौदाव्या-पंधराव्या शतकातल्यांपैकी २७ टक्क्यांना. मधल्या काळात पूलेन नावाचे लांब, अणकुचीदार टोकाचे जोडे आले होते. ते खूळ इतकं वाढलं की १४६५ मध्ये राजा चौथ्या एडवर्डने लंडनपुरता कायदा केला, टोक दोन इंचांच्या आत ठेवा म्हणून. गावाबाहेरच्या ग्रामीण दफनभूमीत हे प्रमाण ३ टक्के होतं आणि मठाच्या आवारात पुरलेल्यांमध्ये ४३ टक्के. मठाच्या आवारात धनिक आश्रयदातेही असत, पण संन्यासीही होतेच. घरदार सुटलं, जोड्यांचं टोक सुटलं नाही. आणि ज्यांचे अंगठे वाकडे होते, त्यांच्यातल्या वयाने मोठ्या लोकांमध्ये पडून झालेल्या अस्थिभंगांच्या खुणाही जास्त सापडल्या. म्हणजे प्रकरण दिसण्याचं नाही, तोल जाण्याचं आहे.

आता यात आमची आजी बसत नाही. तिने जन्मात उंच टाच पाहिली नाही. कोकणातल्या घरात, अंगणात, विहिरीवर, गोठ्यात ती अनवाणी वावरली, आणि गावी जाताना पायात असायची ती साधी सपाट वहाण. तरी तिचे अंगठे आम्हा सगळ्यांत जास्त झुकलेले. पायाची ठेवण आणि सांध्यांचा सैलपणा रक्तातून येतो. जोडे त्या ठेवणीला घाई करायला लावतात, एवढाच त्यांचा गुन्हा धरावा असं मला वाटतं. बायकांमध्ये हे पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतं. पासष्टीच्या पुढे तर साधारण तिघांमागे एकाला हे असतं. पुढच्या वेळी एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत टेबलाखाली बघा.

तर जोडे बदलणं हाच खरा उपचार, आणि तो रुग्णालयात होत नाही, लक्ष्मी रोडवर होतो. आधी घरी तयारी करायची. विजेच्या बिलाच्या पाठीवर पाय ठेवून, उभं राहून, कडेने पेन्सिल फिरवायची. उभं राहून, कारण भार पडला की पाऊल पसरतं. मग आपल्या आवडत्या सँडल्स त्या चित्रावर ठेवायच्या. माझ्या चित्राचा दोन्हीकडचा काठ सँडलच्या बाहेर उरला होता. इतकी वर्षं हा उरलेला भाग कुठे जात होता, असा प्रश्न पडतो आणि उत्तर दुखायला लागतं. खरेदीला जायचं संध्याकाळी, दिवसभरात पाय जरा सुजलेले असतात तेव्हा. सकाळी मापात बसलेला जोडा रात्री शत्रू असतो.

कागद घेऊन दुकानात गेले. विक्रेता मुलगा पंचविशीचा, नम्र, आणि सगळ्या विक्रेत्यांप्रमाणे आशावादी.

"मॅडम, घालून घालून सैल होईल."

"मी सैल होईन का तो?"

"लेदर आहे, मॅडम."

मी कागद पुढे केला. त्याने तो आधी बिल समजून रक्कम वाचली, मग उलटा केला. थोडा वेळ माझ्या पायाच्या चित्राकडे बघत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "जेन्ट्समध्ये बघू या?" बायकांच्या विभागात पुढून रुंद, मऊ, बिनशिवणीच्या वरच्या कातड्याचा जोडा मागणं म्हणजे उपासाच्या दिवशी खानावळीत शिरणं आहे. पुरुषांच्या फळीवर मात्र ऐसपैस बूट निवांत बसले होते. पुढचा भाग रुंद आणि खोल, टाच बुटकी, तळ जाड पण पंजाशी वळणारा. बोटं आत हलवून बघितली, पाचही हलली. तो आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही. नाडीचं एक कसब तिथेच कळलं: उंचवट्याच्या जवळच्या भोकातून नाडी ओवायचीच नाही, ते सोडून पुढच्या भोकात जायचं. तेवढीच त्या जागेवरची पकड सुटते. त्या मुलाने स्वतः खाली बसून नाडी सोडवून नव्याने ओवून दिली. पैसे देताना मी त्याला बक्षीस म्हणून तो कागद ठेवू का विचारलं. तो नको म्हणाला.

कोल्हापुरीचं काय, हा पुढचा प्रश्न, कारण कोल्हापुरीशिवाय मी राहू शकत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्या चपला चालल्या तेव्हा सगळा देश तिच्या बाजूने उभा राहिला. माझा अंगठा राहिला नाही. कोल्हापुरीचा तळ सपाट, पुढे बोटं मोकळी, हे उत्तम. पण तिचा चामड्याचा अंगठा, म्हणजे ज्यात आपला अंगठा जातो ते कडं, आणि पट्ट्याची आतली कड, दोन्ही माझ्या उंचवट्याशी भांडतात. आमच्या कोपऱ्यावर छत्री लावून बसणाऱ्या काकांना मी दुखरी जागा बोटाने दाखवली. त्यांनी माझ्या पायाकडे डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग पट्टा ओल्या फडक्याने भिजवला, त्या जागी हातोडीचा लाकडी दांडा आतून दाबून फिरवत राहिले, रापीने आतली कड तासून पातळ केली, कड्याची शिवण उसवली आणि आरीने नवी भोकं पाडून ते जरा बाहेरच्या अंगाला, सैलसर बसवलं. "आता तेल लावून दोन रात्री ठेवा, लगेच नका घालू," म्हणाले. दुसऱ्या चपलेला त्यांनी तेवढंच सैल केलं नाही. उजवा पाय जास्त वाकडा आहे हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. या चपलांचा एक लाभ असा की देवळाबाहेर त्या कधी चोरीला जात नाहीत. चोराने एकदा पाय घालून पाहिला असणार.

व्यायामाचं प्रकरण घरच्या घरी चालतं. त्याने अंगठा सरळ होत नाही, पण तळव्याचे स्नायू जागे राहतात आणि चालणं सुधारतं. पोटऱ्या ताठ असल्या तर पंजावर भार वाढतो, म्हणून भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणायच्या. जमिनीवर पंचा पसरून बोटांनी आपल्याकडे ओढायचा. चिंचोके खाली टाकून ते पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे. चिंचोका चपटा आणि गुळगुळीत, तो हातात येईपर्यंत, म्हणजे पायात येईपर्यंत, मालिकेतल्या सुनेचं एक कारस्थान पूर्ण होतं. सागरगोटे सोपे, पण ते निसटले की थेट सोफ्याखाली जातात. सगळ्यांत अवघड व्यायाम दिसायला सर्वांत सोपा आहे. पाय जमिनीवर सपाट ठेवायचा आणि फक्त अंगठा बाजूला, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याकडे न्यायचा. करून बघा. मेंदू हुकूम सोडतो, करंगळी लगबगीने हलते, मधली तीन बोटं उगाच आखडतात आणि ज्याच्या नावाने हुकूम निघाला तो ढिम्म. मग हाताने धरून त्याला वाट दाखवायची. काही आठवड्यांनी तो स्वतःहून किंचित थरथरतो. घरातल्यांना बोलावून दाखवला, तर कोणाला काही दिसलं नाही.

दोन गोष्टींत मात्र घरगुती शहाणपण चालवायचं नाही. मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते. गादी रुतली, कातडी सोलली, तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी पट्टे, कुरुपाची औषधं, ब्लेड यांच्या नादी न लागता डॉक्टरांनाच पाय दाखवावा. आणि अंगठ्याचा हाच सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन चादरही सोसवेना, तर ते हॅलक्स व्हॅल्गस नसून गाऊट असू शकतं. युरिक अॅसिडची ती खोडी याच सांध्याला जास्त शोधते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्याकडची जेलची गादी मागून नेली होती. त्यांचं निघालं हे.

आता घरात लेकीचं लग्न ठरलं आहे. तिच्या पायाकडे मी अधूनमधून चोरून बघते, ते तिने पकडलं. "आई, माझा अजून १५ अंश झाला नाहीये," म्हणाली आणि मोबाइलमध्ये तिला हवे असलेले रिसेप्शनचे जोडे दाखवले. टोकाकडे बघून मला चौथा एडवर्ड आठवला. बराच वेळ घासाघीस होऊन तह झाला: उंच टाचांचे जोडे फक्त सोफ्यावर बसून फोटो काढण्यापुरते, उठून नाचायचं ते सपाट जोड्यांत, आणि विधींना नऊवारीखाली काय आहे हे कोणी वाकून बघत नाही. माझं स्वतःचं तर ठरलेलंच आहे. विहिणीने साडीला शोभेलशा नाजूक सँडल्स सुचवल्या, मी हो म्हटलं. शालूची उंची मात्र ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडून फॉल खाली सोडून बोटभर वाढवून घेतली आहे. आत जेन्ट्स नऊ नंबर.